लाईट गेले, फोनही गेला

"काय गं, काल रात्री मला फोन लावत होतीस? मोबाइल मेला होता माझा. लाईट दुपारीच गेलेले."

"लँडलाइनलाही लावला काकू. लागेचना."

"लागेल कसा? मुलाने हट्टाने फायबर करून घेतलं ना! तांब्याची तार होती तेव्हा घरात काळोख असला तरी फोन खणखणायचा. त्याला घरची वीज लागायचीच नाही मुळी. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या, तिथून त्याच तारेतून ४८ व्होल्ट यायचे. आता भिंतीवर डबी, डबीला प्लग. लाईट गेले की डबी आंधळी. म्हणायला लँडलाइन!"

"काढून टाका मग. आमचा कधीच काढला. सासूबाईंनी विणलेला त्यावरचा रुमाल तेवढा उरलाय."

"तुझ्या सासूचं नाव काढलंस म्हणून सांगते. पूर्वी नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. अख्ख्या वाडीत फोन एकच, त्या वरच्या घरी. सगळ्यांच्या पत्रिकांवर तोच नंबर, पुढे 'पीपी'. एसटीडी रात्री अकरानंतर पाव दरात, म्हणून मुंबईकर नेमके तेव्हाच लावणार. मग त्यांचा पोरगा कंदील घेऊन हाक मारायला, आणि आपण पदर सावरत गडग्यावरून उडी. ओटीवर फोन. घरची मंडळी उठून आत जातील तर शपथ! पलीकडून नीट ऐकू येत नाही म्हणून आपण बेंबीच्या देठापासून ओरडायचं. तुझ्या सासूचं नि जावेचं पाटल्यांवरून बिनसलं, ते वाडीला तिथूनच कळलं. मी नाही हो कुणाला सांगितलं!"

"अय्या! आणि आम्हाला आजवर वाटायचं, ते तुम्हीच..."

"मी? मी फक्त तेव्हा ओटीवर होते. त्या फोनवाल्या वहिनींनी मात्र अपरात्री कधी तोंड वाकडं केलं नाही. निदान तोंडावर तरी नाही."

"मग तुमचा ठेवणार म्हणता?"

"ठेवणार. बँकेत, गॅसला, लेकीच्या तोंडी, सगळीकडे तोच नंबर. डबीला छोटा यूपीएस लावते म्हणजे झालं. तुझ्या माहेरी अजून तांब्याची तार आहे ना? आईला सांग, फायबरवाला आला तर आधी यूपीएस आण म्हणावं, मगच जुनी तार तोडू दे. आणि हो, लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य. २०२१ पासून त्याशिवाय लागत नाही."