संन्याशाचा मोबाईल

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने जगाला वायफायची चटक लावली. २०१४ साली तिची ईएसपी८२६६ ही चिप आली आणि वायफाय इतकं स्वस्त झालं की ते कुठे ना कुठे डकवल्याशिवाय कुणाला चैन पडेना. आता गिझर, दारावरची घंटा, तुळशीला पाणी घालणारा पंप असे सगळे राउटरकडे पासवर्ड मागत फिरतात. पाणी तापवायला गिझरला तुमचं लोकेशन कशाला हवं, हे मात्र विचारायचं नाही. ते 'स्मार्ट' आहे.

याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ईएसपी३२-पी४ जाहीर केली. वायफाय नाही. ब्लूटूथही नाही. याच घराण्यातल्या एच२ला वायफाय नव्हतं, पण निदान ब्लूटूथ होतं. पी४च्या पोटात रेडिओच नाही. बाकी ऐवज मात्र भरभक्कम आहे: ४०० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन रिस्क-५ कोअर, ७६८ किलोबाइट रॅम, ५५ पिना, कॅमेरा आणि डिस्प्ले जोडायची सोय, शिवाय व्हिडिओ एच.२६४ मध्ये बसवणारं हार्डवेअर. तरीही हौशी मंडळींचा पहिला प्रश्न तोच: "वायफाय का नाही?"

मी म्हणतो, नाही तेच बरं. आकडेमोड करणारे ट्रान्झिस्टर दर पिढीत बारीक होतात. रेडिओचा अ‍ॅनालॉग भाग तसा मुकाट्याने आक्रसत नाही. वर अँटेनाला मोकळी जागा हवी, म्हणजे धातूची पेटी बाद. कागदपत्रांचं लचांड वेगळंच. आपल्याकडे बिनतारी उपकरण विकायचं तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. भोसरीच्या एखाद्या कारखानदाराला यंत्रावर नुसता टचस्क्रीन बसवायचा असेल, तर त्याने रेडिओ विकत घेऊन वर त्याचे कागदही का नाचवावेत? यंत्र नेटवर न्यायचंच असेल तर पी४ला इथरनेट आहे. तार लावा. तार कोणी उपटली तर निदान दिसते तरी.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. रिस्क-५ म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात. २०१० साली बर्कलीत जन्मलेला आज्ञासंच, वापराला रॉयल्टी नाही, २०२० पासून त्याच्या संस्थेचं ठाणंही स्वित्झर्लंडमध्ये, म्हणजे अमेरिका-चीन भांडणापासून चार हात लांब. सगळं खरं. पण आज्ञासंच खुला म्हणून चिप खुली होत नाही, तिचा आराखडा कंपनीच्याच कपाटात असतो. आणि एस्प्रेसिफच्या वायफायचा गाभा तर बंद बायनरीच्या रूपात हातात पडतो. आत काय चाललंय ते वाचायची सोय नाही, नमस्कार करायचा आणि लिंक करायचं. पी४मध्ये ते गाठोडं घ्यावंच लागत नाही.

या गाठोड्याची भीती कशी पसरते तेही पाहिलं. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या टारलॉजिक कंपनीने माद्रिदच्या परिषदेत सांगितलं, की जुन्या ईएसपी३२ च्या ब्लूटूथ भागात २९ अघोषित आज्ञा सापडल्या. आधी म्हणाले चोरदरवाजा, मग म्हणाले छुपी सुविधा. एस्प्रेसिफचा खुलासा असा, की त्या चाचणीसाठीच्या आज्ञा आहेत आणि दुरून कोणी वापरू शकत नाही. तोवर घरोघरच्या बल्बांकडे लोक संशयाने बघू लागले होते. आज्ञा आधीच कागदावर मांडल्या असत्या तर ही बोंबच झाली नसती.

तर असा हा पी४चा वैराग्ययोग. आता कंपनीचा स्वतःचा विकासबोर्ड उघडून पाहा. पी४शेजारी पत्र्याच्या टोपीखाली कोण बसलंय? ईएसपी३२-सी६! वायफाय ६, ब्लूटूथ, सगळं घेऊन. महाराजांनी संन्यास घेतला, पण मोबाईल सांभाळायला शिष्य ठेवला. बंद गाठोडंही तसंच शिष्याच्या झोळीत गेलं.

मांडणी म्हणून ती चुकीची नाही. उद्या नवं वायफाय आलं तर फक्त शिष्य बदलायचा. गाठोडं निदान वेगळ्या खोलीत तरी राहतं. पण हा शिष्यही साधा नव्हे, तोही रिस्क-५ आणि १६० मेगाहर्ट्झचा. ज्या ईएसपी८२६६ वर लोकांनी अख्खी घरं 'स्मार्ट' केली, ती मुळात ८० वर चालायची. तिच्या दुप्पट वेगाच्या चिपला पी४च्या दारात निरोप्याची नोकरी मिळाली आहे. अन् हौशी मंडळी? ती खूश आहेत. बोर्डावर वायफाय आहे म्हणे.