आमचे येथे निर्बंध शिकवून मिळतील

सध्या जगातल्या प्रत्येक मोठ्या सरकारला एकच घोर लागला आहे: अमुक माल तमुक देशाच्या हाती पडता कामा नये. चिप नको, चिप बनवायचं यंत्र नको, यंत्रातलं चुंबक नको. ही वाढती मागणी लक्षात घेऊन आम्ही होतकरू राष्ट्रांसाठी क्लास काढला आहे. जागा मर्यादित. प्रवेश नाकारल्यास कारण सांगितलं जाणार नाही. तो अभ्यासक्रमाचाच भाग समजावा.

पाठ पहिला: धोका ओळखणे

धोका कशातही दिसला पाहिजे. सन २००० मध्ये जपान सरकारला तो प्लेस्टेशन-२ मध्ये दिसला. पोरं ज्यावर मोटारींच्या शर्यती खेळत, ते खोकं क्षेपणास्त्राला वाट दाखवायलाही उपयोगी पडेल, म्हणून मोठ्या संख्येने देशाबाहेर न्यायला परवाना लागू झाला. अमेरिकेने तर मजकूर गुप्त ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनला दारूगोळ्याच्या यादीत बसवलं होतं. तेव्हा एमआयटीच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये ‘पीजीपी’ या प्रोग्रामची संहिता चक्क पुस्तक म्हणून छापली. फ्लॉपीतून नेली तर शस्त्रांची तस्करी, शबनममधून नेली तर वाचनाची आवड!

पाठ दुसरा: एकजूट

शीतयुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये ‘कोकॉम’ नावाची समिती बसायची. सोव्हिएत गोटाला काय विकायचं नाही, हे ती ठरवायची. तिच्या नाकावर टिच्चून टोशिबा मशीन कंपनीने लेनिनग्राडच्या बाल्टिक गोदीला नऊ अक्षांची मिलिंग मशीन्स पोचवली. त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे. परवान्याच्या कागदावर मात्र साधंसुधं यंत्र. अशा मशीनवर पाणबुडीचा प्रोपेलर इतका नेमका कापता येतो, की पाण्यात त्याचा आवाज जेमतेम येतो.

बिंग फुटल्यावर १९८७ मध्ये अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात टोशिबाचा एक रेडिओ घणाने फोडला. त्या बिचाऱ्या रेडिओचा पाणबुडीशी काडीचा संबंध नव्हता, पण फोटो झकास आला. पुढे टोशिबाच्या सगळ्याच मालावर बंदी घालायचं घाटू लागलं, तेव्हा अमेरिकी कंपन्याच रदबदलीला धावल्या. त्यांच्या मालात टोशिबाचे सुटे भाग होते. बंदी मवाळ झाली. रेडिओ गेला तो गेलाच.

कोकॉम १९९४ मध्ये गुंडाळली आणि १९९६ मध्ये ‘वासेनार व्यवस्था’ आली. ४२ देश, कचेरी व्हिएन्नात, निर्णय एकमताने. त्यात रशिया पहिल्यापासून सभासद. म्हणजे ज्याच्यापासून माल लपवायचा, त्याचीही यादीवर सही हवी. परवाना द्यायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दुसऱ्या सभासदाने नाकारलेल्या संवेदनशील मालाला आपण परवाना दिला, तर तसं ६० दिवसांच्या आत इतरांना कळवायचं. आधी नव्हे, दिल्यावर. याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. यात कुणाच्याही धंद्यात कुणी ढवळाढवळ करत नाही.

पाठ तिसरा: धोक्याचा दर

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला एआयच्या ताकदवान चिप विकायला मनाई केली. एन्व्हिडियाने मर्यादेच्या जेमतेम खाली बसणारी ‘ए-८००’ काढली. २०२३ मध्ये तीही बंद, मग ‘एच-२०’. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवान्याची अट लागली. ऑगस्टमध्ये उलगडा झाला, की विक्रीतला १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला मिळाला तर तीच चिप विकायला हरकत नाही. डिसेंबरात त्याहून ताकदवान ‘एच-२००’ची गोष्ट निघाली. धोका मोठा, म्हणून वाटाही मोठा: २५ टक्के. राष्ट्रीय सुरक्षा अनमोल असते हा गैरसमज विद्यार्थ्यांनी सोडून द्यावा. ती टक्केवारीत मोजता येते, आणि टक्केवारी हा विषय आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना निराळा शिकवावा लागत नाही.

पाठ चौथा: नाकारलेल्यांचं काय होतं

हा पाठ भारताला तोंडपाठ आहे. आपण १९७४ मध्ये पोखरणला स्फोट केला, म्हणून अणुपुरवठादारांचा गट जन्माला आला. त्या गटाच्या दारात आपण अजून उभे आहोत. हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या चमूने ‘परम ८०००’ दाखवला. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घ्यायचं ठरलं, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. अशा इंजिनांसाठी आधी अमेरिकी कंपनीचाही देकार आला होता; रशियाचा स्वस्त पडला, आणि मग क्षेपणास्त्रांचा धोका दिसू लागला. रशियाने तयार इंजिनं दिली, विद्या दिली नाही. जानेवारी २०१४ मध्ये जीएसएलव्ही अग्निबाण आपल्याच क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वीपणे उडाला.

चीन या वर्गातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी. मारही खातो आणि मास्तरांची छडीही पाहून ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर परवाना लावला आणि बजाजवर ई-चेतकचं उत्पादन थांबेल की काय, असं जाहीरपणे सांगायची वेळ आली. ऑक्टोबरमध्ये त्याने आणखी फर्मान काढलं: मालात किमतीच्या ०.१ टक्के जरी चिनी दुर्मीळ धातू असला, तरी तो परदेशातून परदेशात पाठवायलाही बीजिंगची परवानगी हवी. अमेरिकेच्या अशाच नियमाची ही नक्कल. आरडाओरडा झाला आणि नोव्हेंबरात ते वर्षभरासाठी थांबवलं. छडी परत खुंटीवर. पण आता ती कुठे टांगली आहे, हे सगळ्यांना ठाऊक झालं.

भारत २०१६ ते २०१८ या काळात निर्यात रोखणाऱ्या चार गटांपैकी तीन गटांत दाखल झाला. आपलीही नियंत्रित मालाची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे, भरायला फॉर्म आहेत, शिक्के आहेत. आता आपणही दुसऱ्याला ‘मिळणार नाही’ असं रीतसर सांगू शकतो. अडचण एवढीच, की चिपवर अतिसूक्ष्म रेषा कोरणारं ईयूव्ही यंत्र साऱ्या जगात एकटी डच कंपनी एएसएमएल बनवते. म्हणून तिने नाही म्हटलं की समोरच्याची झोप उडते. आपण नाही म्हटलं तर समोरचा पुढच्या दुकानात जातो. नकाराचा फॉर्म कसा भरायचा, हे आम्ही एका बॅचमध्ये शिकवू. ज्याला नकार देता यावा असा माल कसा बनवायचा, त्याचा वर्ग आमचे येथे नाही. तो पूर्वी सी-डॅकमध्ये आणि इस्रोत चालायचा, आणि त्याची फी अमेरिका भरायची.