तिसऱ्या मजल्यावरचा राजगड

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सूचना लागली. 'किल्ला बांधू इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांनी कार्यालयात अर्ज करावा. किल्ला तिसऱ्या मजल्यावरील पोडियमवर, आखून दिलेल्या जागेतच बांधावा. माती नेण्यासाठी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. अनामत रक्कम रुपये पाचशे.' खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. तोरणा घेताना महाराजांना एवढी कागदपत्रं लागली नसतील.

पोडियम म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक. पार्किंगच्या डोक्यावर एक स्लॅब टाकतात, त्यावर चार कुंड्या ठेवतात आणि माहितीपत्रकात त्याला 'उद्यान' म्हणतात, ते पोडियम. तिथून रस्ता दिसत नाही. रस्त्यावरून तर तो मुळीच दिसत नाही. थोडक्यात, किल्ला बांधायला सोसायटीची हरकत नव्हती. तो कुणाला दिसू नये, एवढीच अपेक्षा होती.

ज्यांचं लहानपण वाड्यात किंवा चाळीत गेलं, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण सांगतो, कारण सांगायला मजा येते. सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की दप्तर भिरकावून पोरं दगडविटा गोळा करायला निघत. विटा कुठून आल्या, हे कुणी विचारायचं नसे. जवळपास कुठेतरी बांधकाम चालू असे आणि तिथल्या मुकादमाचा हिशेब नेमका दिवाळीच्या सुमारास चुके, एवढंच. ढीग रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं. गोणपाटाला पडतील त्या घड्या म्हणजे सह्याद्रीचे कडे. वरून चिखलाचे हात. मग बुरूज, पायऱ्या, गुहा आणि गुहेत वाघ. अंगावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, की तीन-चार दिवसांत डोंगर हिरवागार. पायथ्याशी फुटक्या आरशाचा तुकडा पुरला की तळं तयार. दवाखान्यातून सलाइनची नळी पैदा करणारा पोरगा त्या वर्षीचा सेनापती, कारण कारंजं त्याच्या ताब्यात.

प्रमाण वगैरे भानगडी नसत. मावळा दरवाज्यापेक्षा उंच. वाघ मावळ्याच्या दुप्पट. डोक्यावर घागर घेतलेली गवळण पुढे उभी राहिली तर अख्खा बुरूज झाकला जाई. पहाऱ्याला मावळे कमी पडले, तर मागच्या वाढदिवसाला मिळालेले हिरव्या प्लॅस्टिकचे, बंदुका रोखलेले सोल्जर तटावर चढत आणि सतराव्या शतकात बिनतक्रार नोकरी करत. महाराज मात्र सगळ्यांत उंच जागी, सिंहासनावर. तिथे कुणाची चूक होत नसे.

आणि हे सगळं रस्त्याकडे तोंड करून. घरातल्या माणसांना किल्ल्याची पाठ दिसे. आईला तर फक्त बाथरूममधला चिखल दिसे. किल्ला असायचा तो येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. कामावरून परतणारा माणूस सायकलवरून उतरे, पिशवी हँडलला अडकवून दोन मिनिटं बघे, 'कुठला रे हा?' विचारे, 'झकास' म्हणे आणि जाई. त्या एका 'झकास'साठी पाच पोरं सकाळपासून उकिडवी बसलेली असत. तिकीट नाही, पावती नाही, बघणाऱ्याचं नाव ठाऊक नाही. परक्या शहरांत भिंतीवर रात्रीतून चित्र काढून जाणाऱ्यांवर आपण लेख वाचतो आणि भारावतो. आमच्या गल्लीत हा प्रकार दरवर्षी पाच दिवस चाले आणि त्याला 'कला' म्हणावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळेच ती टिकली असावी.

दिवाळीतच किल्ला का, याचं उत्तर दरवर्षी व्हॉट्सॲपवर येतं आणि दरवर्षी वेगळं असतं. मी सगळी उत्तरं जपून ठेवली आहेत. एकमेकांशी त्यांची गाठ घालून दिली तर लढाई होईल.

आता मूळ मुद्दा. पोरं फुकट काहीतरी करताहेत आणि त्यात आनंदात आहेत, हे मोठ्या माणसाला फार वेळ बघवत नाही. तो आधी स्पर्धा ठेवतो. मग नियम करतो. मग परीक्षक आणतो. मग फलक लावतो. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत किल्ल्यापेक्षा त्याच्या मागचा फलक मोठा झाला आहे. फलकावर मार्गदर्शक, आधारस्तंभ, संकल्पना, सौजन्य आणि हात जोडलेले नऊ चेहरे. त्यांतल्या एकाच्याही नखात माती नाही. बक्षीस म्हणून मुलांना पाण्याची बाटली मिळते. तिच्यावरही चेहरा असतो.

गोव्यात पोरं रात्र-रात्र जागून चौकाचौकांत नरकासुर उभे करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. तिथेही बक्षिसं शिरली, भिंती हादरवणारे स्पीकर शिरले. पण नरकासुर अजून चौकात आहे. त्याला कुणी तिसऱ्या मजल्यावर नेलेलं नाही. राक्षसाचं एक बरं असतं, त्याला अनामत मागायची कुणाची छाती होत नाही.

आमच्या सोसायटीच्या स्पर्धेला यंदा वजन आलं होतं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा आपले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंदाचीच गोष्ट. पण समितीने लगेच नियम केला, की किल्ला या बारांपैकीच हवा. आमच्या विंगमधल्या पोरांना तोरणा बांधायचा होता. तोरणा यादीत नाही. 'काका, पण स्वराज्याचं तोरण तिथेच बांधलं ना?' असं सातवीतल्या म्होरक्याने विचारलं. सचिवांनी छापील यादी पुढे केली. सिंहगडही तिच्यात नाही. समितीने ठरवलं असतं, तर तानाजी मालुसऱ्यांना यादी बघून परत पाठवलं असतं. शेवटी राजगड ठरला. पोरं पाच. सगळ्यांत धाकटी बालवाडीतली, तिच्याकडे पाणीखातं.

त्यांनी चार दिवस खपून राजगड उभा केला. बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या. मोबाइलवरचा नकाशा समोर ठेवून. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायचो. माझ्याखेरीज बघायला येत होते ते दोन आजोबा, एक माळी आणि कुंडीत लपायची सवय असलेली मांजर. बाकी पोडियम मोकळा. बिल्डिंगमधले सहाशे लोक गाडीत बसून खालून बाहेर जात होते आणि खालूनच आत येत होते.

आणि बाहेरचा माणूस तर यायचाच नाही. फाटकावर नाव, गाडीचा नंबर, कुणाकडे जायचंय, मग ॲपवर विचारणा, मग आकडा, मग लिफ्ट. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे, की समोरून येणाऱ्या शत्रूला दार दिसूच नये. हिरोजी इंदुलकरांनी डोकं लावलं, कबूल. पण आमच्या सुरक्षा एजन्सीपुढे ते कच्चेच. हिरकणीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दूध विकायला गडावर आलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून बाळाच्या ओढीने कडा उतरून गेली. आमच्याकडे ती गडावर पोचलीच नसती. तुमचा फ्लॅटधारक फोन उचलत नाहीये, म्हणून फाटकावरच दूध नासलं असतं.

तरीही एक माणूस आला. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. पाठीवर भली मोठी चौकोनी पिशवी, कानात वायर. नवव्या मजल्यावर कुणाची तरी मिठाई घेऊन निघालेला. सर्व्हिस लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, दार उघडलं आणि त्याला समोर चिखलाचा डोंगर दिसला. तो बाहेर आला. लिफ्ट वर निघून गेली.

'राजगड का?'

पाच पोरं एकदम उभी राहिली. चार दिवसांत त्यांना पहिल्यांदाच हा प्रश्न कुणीतरी विचारला होता.

तो उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'झ्याक झालाय. पण सुवेळा चुकली. सुवेळा उगवतीला असती. तुमची पार लिफ्टकडं गेलीय.'

म्होरक्याने मोबाइल पुढे केला. त्याने तो हाताने बाजूला सारला. 'त्यात बघून नका सांगू. मी गुंजवण्याचा. आमच्या दारातनं दिसतो गड.'

गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचं गाव. नकाशाच्या वरच्या कडेला उत्तर असते, पण पोडियमची वरची कड म्हणजे पाण्याची टाकी, आणि पोरांनी टाकीला उत्तर धरलं होतं. अख्खा गड फिरला होता. आता तो उचलून वळवणं शक्य नव्हतं. त्याने मान तिरकी करून विचार केला आणि तोडगा काढला. 'असू द्या. तुम्ही लिफ्टलाच उगवत म्हणा.' सूर्याची अशी बदली फक्त गावाकडचा माणूस करू शकतो.

मग त्याने पिशवी उतरवली, हाताला माती लावली आणि सुवेळा माचीच्या कड्यात अंगठा खुपसून आरपार भोक पाडलं. 'हे नेढं. खडकात आरपार हाय. लहानपणी आम्ही यात जाऊन बसायचो. वारं असं येतं, की टोपी ऱ्हात नाही.' बालवाडीतल्या मुलीने नेढ्याला डोळा लावला. पलीकडून तिला त्याचा डोळा दिसला. ती जी हसायला लागली, ती थांबेचना.

चार मिनिटं झाली असतील. त्याचा फोन वाजला. नववा मजला रागावला होता. त्याने पँटला हात पुसले, पिशवी चढवली, जाताना महाराजांच्या मूर्तीला वाकून नमस्कार केला आणि जिन्याने पळत गेला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नवी सूचना. 'बाहेरील व्यक्तींना पोडियमवर प्रवेश नाही. सीसीटीव्हीमध्ये आढळल्यास संबंधित सदनिकाधारकास जबाबदार धरण्यात येईल.' शिक्का तोच, गोल.

पाडव्याला परीक्षक आले. दोघे. एकाच्या हातात तक्ता होता. ऐतिहासिक अचूकता, स्वच्छता, सजावट, सादरीकरण, प्रत्येकी पंचवीस गुण. त्यांनी नेढ्यापाशी पेन टेकवून विचारलं, 'हे भोक कसलं? माती ढासळली वाटतं?' म्होरक्या सांगायला लागला, तोवर ते पुढच्या किल्ल्याकडे गेले होते. पहिला नंबर डी विंगचा. त्यांनी बाजारातून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार प्रतापगड आणला होता, आत दिवे, बाजूला ब्लूटूथवर पोवाडा. स्वच्छतेत पंचवीसपैकी पंचवीस. खरंच आहे, त्याला माती लागलीच नव्हती.

परवा कसबा पेठेत गेलो होतो. एका जुन्या वाड्याच्या दारात, फरसबंदीवर, येणाऱ्याच्या थेट पायात येईल असा किल्ला होता. बादलीभर पाण्यात अर्धा बुडालेला. शेजारी नाक पुसत बसलेला सात-आठ वर्षांचा मालक. म्हणाला, 'काका, हा जंजिरा.' मी शहाणपणा केला. म्हणालो, 'अरे, जंजिरा महाराजांना कधी घेता आला नाही. सिद्दीकडेच राहिला तो. संभाजी महाराजांनीही प्रयत्न केला होता.' त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. 'आम्ही घेतलाय,' म्हणाला. वर भगवा होता. मी 'झकास' म्हणालो आणि पुढे गेलो. ऐतिहासिक अचूकता शून्य, पंचवीसपैकी.

आमच्या राजगडाचं काय झालं, ते सांगतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचा, ही आमची रीत. ज्यांनी चार दिवस राबून बांधला त्यांनीच चार सेकंदांत उडवायचा. त्यातली मजा संग्रहालयवाल्यांना समजणार नाही. पण पोडियमवर फटाक्यांना बंदी. मग पोरांनी महाराज आणि मावळे घरी नेऊन ठेवले, गड पोत्यांत भरला, सर्व्हिस लिफ्टने खाली आणला आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला पुन्हा ढीग केला. तटबंदी नव्हती, माच्या नव्हत्या, पण म्होरक्याने अंगठा खुपसून नेढं तेवढं केलं. पहिला बॉम्ब त्यातच ठेवला.

स्कूटरवाले थांबले. भाजीवाली हातातली जुडी घेऊन उभी राहिली. बसच्या रांगेतली माणसं रांग सोडून आली. 'कुठला होता रे?' असं कुणीतरी ओरडून विचारलं. पाचही पोरं एका आवाजात ओरडली, 'राजगड!' आणि वात पेटली.

रस्त्यावरच्या माणसांनी आमचा किल्ला पाहिला तो एवढाच.

अनामत अजून परत मिळालेली नाही. सर्व्हिस लिफ्टमध्ये माती सापडली म्हणे.