बुधवारचा भाव

बुधवारी दुपारी दीडला आमच्या मेव्हण्यांचा फोन वाजला की ओळखावं, सिंगापुरात चार वाजले आणि भाव फुटला. कांद्याचा नव्हे. कागदाचा.

प्रत्येक मराठी घराला हल्ली एक सिंगापूर असतं. त्यामुळे ते लोक तिथे काय काय सोसतात याची यादी वाचकांना पाठ असणार. घरभाडं ऐकून आपल्याला चक्कर येते, शाळेची फी ऐकून दुसरी येते, आणि ‘पण इथे सगळं कसं वेळेवर!’ हे ऐकल्यावर आपण शुद्धीवर येतो. ते सगळं सोडून देऊ. मला फक्त कागदाबद्दल बोलायचं आहे, कारण त्या कागदाने माझं डोकं खाल्लं आहे.

सिंगापुरात गाडी घ्यायची तर आधी गाडी बाळगण्याचा हक्क घ्यावा लागतो. सीओई म्हणतात त्याला. १९९० पासूनची रीत आहे. महिन्यातून दोनदा लिलाव, सोमवारी दुपारी बोली सुरू, बुधवारी चारला बंद. हक्क दहा वर्षांचा. दहा वर्षं भरली की गाडी कितीही ठणठणीत असो, तेव्हाच्या भावाने पुन्हा पैसे मोजा, नाहीतर ती भंगारात द्या किंवा बोटीत चढवा. या कागदाबरोबर चाकं येत नाहीत, इंजिन येत नाही, साधा आरसाही येत नाही. गाडीचे पैसे वेगळे, आयातशुल्क वेगळं, जीएसटी वेगळा, आणि नोंदणीचा कर गाडीच्या मूळ किमतीच्या शंभर टक्क्यांपासून पुढे, तोही वेगळाच. बरं, कागद म्हणजे तरी काय? तो कागदसुद्धा नाही. संगणकातली नोंद आहे. एवढे पैसे मोजल्यावर निदान चौकटीत घालून देवघराशेजारी लावावा म्हटलं, तर हातात काही पडतच नाही.

मेव्हण्यांनी हा हक्क ऑक्टोबर २०२३ मध्ये घेतला. त्या महिन्यात मोठ्या गाड्यांचा भाव १,५०,००१ डॉलरवर पोचला होता. तेव्हाच्या हिशेबाने नव्वद लाखांच्या वर रुपये. मला त्यातला शेवटचा डॉलर फार आवडतो. आहेराच्या पाकिटाला रुपया चिकटवतात ना, तसा कुणीतरी शुभ म्हणून चिकटवलेला. आमचे मेव्हणे धोरणी. त्यांनी सोळाशे सीसीच्या आतल्या, लहान गाड्यांच्या गटातला कागद घेतला. १,०६,००० डॉलर. चौसष्ट लाख रुपये धरा. “भावोजी, स्वस्तात पडला,” असं मला स्वतः म्हणाले. जानेवारी उजाडला आणि तोच कागद ६५,०१० डॉलरला मिळू लागला. तीन महिन्यांच्या आत पंचवीस लाखांना खड्डा. त्या दिवशी फोन आला नाही. पुढच्या लिलावालाही नाही. बायकोच म्हणाली, दादाला जरा एकटं राहू दे. पुढे २०२५ मध्ये भाव पुन्हा लाखावर गेला तेव्हा कुठे दादा माणसांत आला. आता दर लिलावाला तो फोन करून आपण आज गाडी घेतली नसल्यामुळे किती वाचले ते सांगतो. हे वाचलेले पैसे कुठल्या खात्यात जमा होतात ते एकदा विचारायचं आहे.

एक विषय मात्र काढायचा नाही. नोव्हेंबर २००८. जगभरचा बाजार कोसळला होता आणि त्या महिन्यात लहान गाडीचा कागद २ डॉलरला गेला. दोन हजार नव्हे, दोन. मेव्हणे तेव्हाही तिथेच होते, नोकरी शाबूत होती, बँकेत पैसे होते. घेतला नाही. का, तर अजून उतरेल.

आता भागाकार. दहा वर्षांचे दिवस ३,६५०. त्यांनी १,०६,००० ला भागलं की दिवसाला २९ डॉलर येतात, आणि भागाकार करावा लागला हीच खरी आपत्ती, कारण तेव्हापासून मेव्हण्यांच्या घरात दुसरा आकडा उच्चारला जात नाही. गाडी खाली उभी असली तरी २९. मेव्हण्यांना ताप आला तरी २९. पुण्याला आले की तिकडे गाडी एकटीच बसून रोज २९ डॉलर खाते, आणि इथे त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. बरं, गाडीने ऑफिसला जावं तर वाटेत टोलच्या कमानी, त्यांचा दर अर्ध्या अर्ध्या तासाला बदलतो, आणि पोचल्यावर पार्किंगचा खर्च. म्हणून ऑफिसला ते मेट्रोनेच जातात. सव्वा ते अडीच डॉलर तिकीट. लाखाचा कागद बाळगणारा माणूस अडीच डॉलरच्या डब्यात दांडा धरून उभा. पण मग २९ वसूल कधी व्हायचे? रात्री. कमानी झोपल्या की साडेदहाला मेव्हणे सहकुटुंब गाडी काढतात. आता ते बेट लांबीला जेमतेम पन्नास किलोमीटर. पूर्वेला चांगी, पुढे समुद्र, वळा. पश्चिमेला तुआस, पुढे समुद्र, वळा. कुठे थांबायचं तर पार्किंग, म्हणून थांबायचं नाही. मुलं मागच्या सीटवर गृहपाठ करतात. धाकट्याला कुणी विचारलं, घर कुठे रे तुझं, तर तो खिडकीबाहेर बोट दाखवतो. उत्तरेला एक किलोमीटरचा बांध ओलांडला की मलेशिया, आणि तिकडे पेट्रोल स्वस्त. पण सिंगापूरच्या गाडीची टाकी निदान पाऊण भरलेली असल्याशिवाय तिला देशाबाहेर सोडत नाहीत. म्हणजे स्वस्त पेट्रोल भरायला जाण्याआधी महाग पेट्रोल भरा. मेव्हणे भरतात. शनिवारी त्या एका किलोमीटरच्या रांगेत सकाळ घालवतात, पलीकडे जाऊन स्वस्तात केस कापून घेतात, डाळ-तांदूळ, तेलाचे डबे, धुण्याची पावडर अशी महिन्याची भरती करतात, आणि परतीच्या रांगेत लागतात. एवढं करून त्या दिवशी २९ पैकी किती वसूल झाले त्याची वहीत नोंद. हल्ली रात्रीचे दहा वाजले की वहिनींचं डोकं दुखायला लागतं. मुलीचं लग्न ठरवताना त्या जावयाचा पगार विचारणार नाहीत, कागद किती वर्षांचा शिल्लक आहे ते विचारतील.

एवढं झाल्यावर खरं बोलायला हवं. तो कागद मला बिलकुल वेडगळ वाटत नाही. बेट लहान, समुद्रात भर घालून घालून वाढवलेलं, त्यातली बारा टक्के जमीन आधीच रस्त्यांनी गिळलेली. २०१८ पासून तर खासगी मोटारींची एकूण संख्या वाढूच द्यायची नाही असं ठरलंय. जुनी निघेल तेव्हा नवी येईल. रस्त्यावरची जागा फुकट नसते हे तिथे माणसाच्या खिशाला कळतं. आणि ज्याला गाडी झेपत नाही त्याच्यासाठी बस आहे, मेट्रो आहे आणि स्टेशनपर्यंत सावलीतून चालत जायला वाट आहे. यात वेडगळ काय आहे? वेडगळ प्रकार डिसेंबरात पुण्याला उतरतो.

तिकडे पाऊण किलोमीटर चालत स्टेशन गाठणारा, सरकत्या जिन्यावर डावी कड धरून मुकाट उभा राहणारा, पाचशे डॉलरपर्यंत दंड होईल म्हणून डब्यात पाण्याचा घोटही न घेणारा हा माणूस, इथे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला किल्ली मागतो. माझी. नळ स्टॉपचं मेट्रो स्टेशन आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांवर आहे. “लांब आहे हो भावोजी.” रिक्षा? “कोण वाद घालणार?” बस? या शब्दावर ते नुसते हसतात. मग माझी गाडी कर्वे रस्त्याला नेतात, दुकानासमोर फुटपाथवर दोन चाकं चढवतात, “दोन मिनिटांत आलो” म्हणून आत जातात आणि चाळीस मिनिटांनी बाहेर येतात. बाहेर आल्यावर समोरचा गोंधळ बघून काय म्हणतात? इथल्या लोकांना शिस्तच नाही!

इथे मला पुढची चेष्टा सुचत नाही. सत्तरीच्या बाई हातात भाजीची पिशवी घेऊन त्या फुटपाथवरून येतात, माझ्याच गाडीपाशी थांबतात, खाली रस्त्यावर उतरतात आणि बसच्या चाकापासून हातभर अंतराने पुढे जातात. त्यांचा हा हातभर रस्ता कुणी कधी लिलावात काढला नाही, तो सरळ घेतला. फुटपाथ म्हणजे आपल्याकडे पार्किंगचा जरा उंच प्रकार. त्यावर दुचाकी, त्यापुढे चारचाकी, उरलेल्या जागेत दुकानाची पाटी, आणि पाटीखाली ‘पार्किंग करू नये’ असं लिहिलेला बोर्ड, तोही फुटपाथवरच उभा. मग वर्षाकाठी कुणीतरी फुटपाथ रुंद करतं, आणि आम्ही खूश होतो, कारण आता चार चाकं चढतात. आमच्या सोसायटीत दुसऱ्या गाडीला महिना पाचशे रुपये घ्यावेत असा विषय निघाला. पाचशे! मेव्हण्यांच्या कागदाच्या भाषेत, जेमतेम सहा-सात तास. सभेत असा गदारोळ झाला की वाटलं, आता कुणीतरी उपोषणाला बसणार. हा आमचा मूलभूत हक्क आहे, रस्ता आमच्या बापाचा आहे, आम्ही टॅक्स भरतो. ज्यांच्याकडे गाडीच नाही तेही टॅक्स भरतात, एवढं म्हणून मी बसलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला तुमच्या घरी कोण आलंय आणि त्यांनी गाडी कुठे लावलीय ते सगळ्यांसमोर विचारलं. त्या दिवशी मेव्हणे माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी हात वर केला आणि सिंगापुरात पार्किंगचं नियोजन किती सुरेख आहे यावर दहा मिनिटं भाषण दिलं. टाळ्या पडल्या. पाचशे रुपयांचा विषय पुढच्या सभेवर गेला.

मेव्हण्यांचा कागद २०३३ मध्ये संपतो, आणि त्यांचा बेत आत्ताच शिजून तयार आहे. तिकडे पुन्हा पैसे मोजायचे नाहीत, गाडी बोटीत चढवून इकडे आणायची. “स्टिअरिंग उजवीकडेच आहे, भावोजी. आणि इकडे तो कागद लागत नाही.”

मी म्हटलं, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्याकडे आणता येत नाही, नियम आहे.

“अहो, असेल नियम. कुणाला तरी धरू.” ते गॅलरीत उभे होते. त्यांनी खाली वाकून पाहिलं. “आणि ठेवायची काळजी तर मुळीच नको. फुटपाथ काय सुरेख रुंद केलाय हो तुमच्याकडे!”