उच्च दाबाची गोळी : नवनिवृत्त पोलिसांसाठी सोपी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका वयाची ५८ वर्षे पूर्ण करून, महिनाअखेरीला शाल-नारळ घेऊन, पोलीस खात्यातून घरी परतलेल्या इसमांसाठी आहे. लिहिणारा स्वतः याच मार्गाने सिन्नरला येऊन स्थिरावला आहे. सकाळी गोंदेश्वराच्या आवारात पाच फेऱ्या, मग पेपर, मग दारावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचा नंबर मनात टिपून घेणे, असा दिनक्रम. अशा माणसाच्या डोक्यात साधारण तिसऱ्या महिन्यात एक विचार येतो : कंबरेला काहीतरी हवं. तो आला की पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

लागणारे साहित्य : पासपोर्ट फोटो एक डझन. आधार, पॅन, निवृत्तीचा आदेश. एक चामडी पट्टा, वाढीव दोन भोकांसह. संयम, पोतंभर. पत्नीची संमती (कायद्यात ही अट नाही, घरात आहे).

पायरी १ : आधीचं परत करा

नोकरीत असताना आपल्याला कुणी परवाना विचारला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये तशी सूट आहे. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना बाळगलेल्या हत्याराला हा कायदा लागू होत नाही. 'कर्तव्य बजावताना' हे दोन शब्द नीट वाचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी हत्यारखान्यातला हवालदार पिस्तुलाचं मॅगझीन काढतो, चेंबर रिकामं आहे का बघतो, बट नंबर रजिस्टरशी ताडतो आणि सही घेतो. त्या सहीबरोबर ती सूट संपली. तुम्ही आता नागरिक.

शरीराला मात्र हे उशिरा कळतं. वर्षानुवर्षं उजव्या बाजूला पिस्तूल असल्याने आपलं कोपर अंगापासून चार बोटं लांब राहायला शिकलेलं असतं. ते तसंच राहतं. सिन्नरच्या बाजारात भाजीची पिशवी डाव्या हातात आणि उजवं कोपर बाहेर, असा कुणी चालताना दिसला तर तो आपल्यातलाच समजावा.

पायरी २ : अर्ज करा आणि स्वतःची चौकशी होऊ द्या

सिन्नर नाशिक ग्रामीणमध्ये येतं, म्हणून आपला अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर साहेबांकडे जातो. नाशिक शहरात राहणाऱ्या बॅचमेटचा पोलीस आयुक्तांकडे. तो 'आमचं कसं लगेच झालं' म्हणून फोन करील. उचलू नये.

शस्त्र नियम २०१६ मध्ये आपला उल्लेख आहे, हे वाचून छाती फुगते. लष्कर, केंद्रीय सशस्त्र दलं किंवा राज्य पोलीस यांत सेवा केलेल्या माणसाचा अर्ज विचारात घेता येतो, असं तिथं म्हटलंय. पण त्याच वाक्याला एक शेपूट आहे : जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरीखुरी गरज असेल तर. अर्जात गरज लिहिताना 'सवय' हा शब्द वापरू नये.

मग वैद्यकीय दाखला. शरीर धड आहे आणि डोकंही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. आणि पोलीस अहवाल. बीटचा हवालदार गल्लीत येऊन शेजाऱ्यांना विचारतो, 'सदर इसमाची चालचलन कशी आहे?' आयुष्यभर हा प्रश्न आपण दुसऱ्यांबद्दल विचारला. आता पडद्याआडून ऐकायचा. समोरच्या काकूंनी उत्तर दिलं, 'तसे बरे आहेत, पण गाडी आमच्या दारात लावतात.' हे अहवालात येत नाही. मनात राहतं.

पायरी ३ : बोअर समजून घ्या

इथं बहुतेक नवशिके रुसतात. खात्यात हाताळलेलं पिस्तूल ९ एमएमचं. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं, ब्राउनिंगच्या धाटणीचं. ते आपल्या हाताला पाठ असतं. पण ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर. जिल्ह्याच्या परवान्यावर ते मिळत नाही. .३८ चंही तेच. काल सरकारने जे आपल्या कंबरेला बांधलं, ते आज आपल्याला वर्ज्य. देवळाच्या पुजाऱ्याने निवृत्तीनंतर गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यावं, तसं.

राहतं काय? पॉइंट बत्तीस. कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. याच घराण्यात २०१४ साली 'निर्भीक' नावाचं हलकं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर आलं. ते महिलांसाठी म्हणून गाजलं. वजन कमी म्हणून मी ते बघत होतो, तर ही म्हणाली, 'अहो, ते बायकांसाठी आहे ना? मग माझ्या नावावर करा परवाना.' मी जड घेतलं.

एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन चालायची. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. म्हणजे नूतनीकरणाच्या रांगेत आता पाच वर्षांनी म्हातारे होऊन उभं राहायचं.

पायरी ४ : दाबाची माहिती करून घ्या

या पायरीवर एखादा बॅचमेट इंटरनेटवर वाचून आलेला असतो. तो विचारतो, 'प्लस पी मिळेल का रे? हाय प्रेशरची गोळी असते म्हणे.'

आधी दाब म्हणजे काय ते बघू. काडतूस चार वस्तूंचं बनतं : पितळी पुंगळी, बुडाला टोपी, पोटात दारू, तोंडाला गोळी. घोडा टोपीवर पडला की दारू पेटते, वायू होतो आणि कोंडलेला वायू गोळीला ढकलतो. हा सगळा कारभार सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात उरकतो. त्या क्षणी आतला दाब मोजतात तो पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड. आपल्या पॉइंट बत्तीसच्या लांब काडतुसाला अमेरिकी कारखानदारांच्या मानकानुसार कमाल १५,००० पीएसआय. हा आकडा महाराष्ट्रात मोठ्याने म्हणू नये. लोकांना फौजदार भरती निघाली असं वाटतं आणि गल्लीतली पोरं अभ्यासिकेकडे पळतात.

१५,००० म्हणजे किती? घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला होते. म्हणजे एका चिमुकल्या पुंगळीत हजार कुकरांचा दाब. ९ एमएमला तो ३५,०००.

आता प्लस पी. हे तेच काडतूस, त्याच मापाचं, पण आतली भरणी अशी की दाब वाढतो. .३८ स्पेशलला १७,००० चे २०,००० होतात, ९ एमएमला ३५,००० चे ३८,५००. गोळी थोडी जोरात जाते, हाताला धक्का जास्त बसतो, आणि हत्याराची झीज लवकर होते. गोची अशी की बाहेरून दोन्ही काडतुसं सारखीच. जुन्या, साध्या दाबासाठी घडवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्येही हे गुमान शिरतं. म्हणून तर बुडावर 'प्लस पी' अशी खूण ठोकावी लागते. १९३५ साली .३५७ मॅग्नम हे जास्त दाबाचं काडतूस आलं तेव्हा कारखानदारांनी हुशारी केली. पुंगळी .३८ पेक्षा साधारण अष्टमांश इंच लांब ठेवली, म्हणजे ती जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. प्लस पीला तशी अडवणूक नाही. तिथं माणसाने बूड वाचायचं.

बॅचमेटच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. पॉइंट बत्तीसच्या या काडतुसाला अमेरिकी मानकात प्लस पी नावाचा प्रकारच नाही. परदेशी डबी मागवण्याची सोय सामान्य परवानाधारकाला नाही. दुकानात जी मिळते ती देशी. चष्मा लावून तिचं बूड बघा. तिथं 'केएफ' ही अक्षरं दिसतील. के म्हणजे किर्की, इंग्रजांनी केलेलं खडकीचं नाव. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आणि हे काडतूस मूळचं १८९६ चं. म्हणजे निवृत्त माणसाला सरकारने शोभेसं दिलंय : वयस्कर, कमी दाबाचं, आणि पुण्याहून आलेलं.

तरीही हाय प्रेशरची गोळी हवीच असेल तर ती सिन्नरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. सकाळी नाश्त्यानंतर एक. बॅचमेटलाही तीच चालू आहे.

पायरी ५ : बाळगा, पण दाखवू नका

सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि आपल्या ताब्यात हवं, असं नियम सांगतो. झाकण्याची व्यवस्था निसर्गाने आपल्यापैकी बहुतेकांना करून दिली आहे. शर्ट बाहेर काढला की पोटाच्या सावलीत तोफ लपेल.

खरी अडचण पुढे आहे. नोकरीत दबदबा टोपीचा होता, हत्यार सोबतीला होतं. आता टोपी गेली आणि हत्यार झाकलेलं. मग ते आहे हे कळणार कुणाला? कुणालाच नाही. आणि कुणाला कळावं म्हणून शर्ट किंचित वर सरकवला, तर तो गुन्ह्याचा रस्ता. या पेचावर उपाय नाही. पुढची पायरी वाचा.

पायरी ६ : लग्नाला जाताना घरी ठेवा

सिन्नर तालुक्यात लग्नसराईत एक तरी मामा भेटतोच. वरात रंगात आली की तो कानाशी येतो, 'साहेब, होऊन जाऊ द्या एक.' २०१९ पासून कायद्यात हर्षगोळीबाराची वेगळी तरतूद आहे. हयगयीने किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामाला हे सांगावं. त्याने ऐकलं नाही तर त्याला विचारावं की लाखभर रुपये आहेराच्या पाकिटात घालणार का. तो बँडवाल्याकडे जातो.

नेहमीचे प्रश्न

मळ्यात बिबट्या आला तर? तालुक्यात तो येतोच. पॉइंट बत्तीसने तो फक्त चिडेल. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याची जागा आपल्यापेक्षा पक्की आहे. दार लावून घ्या आणि वनखात्याला फोन करा.

परवाना कुठवर चालतो? परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. मुलाकडे दुसऱ्या राज्यात निघण्याआधी ते वाचा. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती, तेही तिथंच लिहिलेलं असतं.

विमानाने जायचं असेल तर? बॅगेचा तळ आधी उलटा करून झटका. विसरलेला एक राऊंड सामानाच्या यंत्रात दिसला की दुसऱ्या दिवशी 'जिवंत काडतुसासह ज्येष्ठ नागरिक ताब्यात' अशी बातमी येते. तुमचं वय कंसात.

अमेरिकेत म्हणे निवृत्त पोलिसांना सगळीकडे मुभा आहे? २००४ साली तिथं तसा कायदा झाला. किमान दहा वर्षं सेवा करून चांगल्या नावाने बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला, काही अपवाद सोडून, कुठल्याही राज्यात झाकलेलं हत्यार बाळगता येतं. मात्र दरवर्षी स्वखर्चाने नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. परीक्षा म्हटल्यावर प्रश्न विचारणारा गप्प होतो.

आपल्यानंतर काय? वयाची सत्तरी गाठली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगून झालं, की ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. जमिनीवरून भांडणारे दोघे मुलगे याबाबत अतिशय समंजस असतात. दोघांनाही नको असतं.

पायरी ७ : जमा करा

सर्वांत महत्त्वाची पायरी. निवडणूक लागली की छाननी समिती कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवते, आणि ठाण्यातून पत्र येतं. २०२४ च्या विधानसभेला मला आलं. मतदान २० नोव्हेंबरला होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी रिव्हॉल्व्हर घेऊन ठाण्यात गेलो. टेबलावर बसलेला पोरगा माझ्या हाताखाली रजिस्टर लिहायला शिकलेला. उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग मीच शिकवलेल्या आवाजात म्हणाला, 'साहेब, राऊंड किती?'

'वीस.'

त्याने टेबलावर रांगेत उभे केले. दोनदा मोजले. 'एकोणीस आहेत, साहेब.'

मी खिसे तपासले, पाऊच उलटा केला. कपाळावर घाम आला. अशा वेळी समोरच्याला मी काय म्हणत असे, ते त्याला पाठ होतं. पण तो बोलला नाही, हे त्याचे उपकार. मी घरी फोन लावला. 'अगं, गोळी कुठं राहिली का बघ.'

'रोज मी विचारते, तेव्हा ऐकत नाही तुम्ही,' ती म्हणाली. 'डबीतच आहे. थांबा, बघते.' मग थोडी शांतता. 'अहो, ही पितळेची कुठली?'

बीपीच्या गोळ्यांच्या डबीत, गुरुवारच्या कप्प्यात, विसावा राऊंड होता. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दोन्ही एकत्र ठेवत होतो, त्याचं हे फळ. घरी गेलो, तो आणला, हिच्यासमोर खरी गोळी पाण्याबरोबर गिळली, परत ठाण्यात जाऊन पावती घेतली. पावतीवर त्याने सुवाच्य लिहिलं होतं : रिव्हॉल्व्हर एक, जिवंत २०.

परतताना कोपर अंगाला लागलं. पुढचे तीन आठवडे गावात कुणाच्या लक्षात आलं नाही की साहेबांच्या कंबरेला काही नाही. आधीही कुणाच्या लक्षात नव्हतं. फक्त बसायला बरं वाटत होतं.

शेवटची सूचना : जमा केल्याची पावती वेगळ्या पाकिटात ठेवा. नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचाही महिना. त्याच दुपारी मी बँकेत गेलो आणि गडबडीत कागदांबरोबर ठाण्याची पावतीही खिडकीतून आत सरकवली. आतल्या मुलीने ती नीट वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पावती परत देत म्हणाली, 'काका, वीस नकोत. एकच जिवंत असला तरी पेन्शन मिळते.'