घ्यायचं काय, सोडायचं काय

पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप पीजी_डंप या साधनाने घेतात. कोणतं टेबल घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे कमांडमध्येच सांगायची जुनी रीत आहे: छोटा टी म्हणजे घे, मोठा टी म्हणजे सोड. दोन्हींत अंतर एका शिफ्ट कीचं. रात्री दोनच्या बॅकअपचं भवितव्य असं पेंगुळलेल्या करंगळीवर येऊन ठेपतं.

टेबलं दोन-चार असली की निभतं. हजारोंवर गेली की कमांड मारुतीच्या शेपटासारखी वाढते आणि ऑपरेटिंग सिस्टिमने घातलेली लांबीची मर्यादा ओलांडली की चालतच नाही. त्यातून कुणी हौसेने ‘ऑर्डर्स’ या टेबलाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलेलं असलं, तर त्याला दुहेरी अवतरणचिन्हं लागतात; नाहीतर पीजी_डंप सगळी अक्षरं स्मॉल करून भलत्याच टेबलाच्या शोधात निघतो. ती चिन्हं शेलने गिळू नयेत म्हणून बाहेरून पुन्हा एकेरी चिन्हांचं कुंपण!

ही यादी फाइलीतून वाचावी, अशी सूचना पावेल स्तेहुले या चेक प्रोग्रामरने 2020 मध्ये मांडली. फाइलीचं रूप कसं असावं यावर यथासांग खल झाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या 17व्या आवृत्तीत ‘फिल्टर’ हा पर्याय मिळाला. फाइलीत एका ओळीत एकच हुकूम: आधी ‘इन्क्लूड’ किंवा ‘एक्स्क्लूड’, मग वस्तूचा प्रकार, मग नाव. बाहेरचं कुंपण गेलं; आतली दुहेरी चिन्हं मात्र कायम. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. ‘तात्पुरतं वगळलं आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ अशी टीप ज्या फाइलीत नाही, ती फाइल अजून कोरी करकरीत समजावी.

सर्वांत उपयोगी ओळ ‘एक्स्क्लूड टेबल_डेटा’ची. तिने टेबलाचा सांगाडा येतो, आतल्या नोंदी येत नाहीत. कोण कधी लॉगइन झालं याच्या कोट्यवधी नोंदी बाळगणाऱ्या टेबलासाठी ती वरदानच आहे. उलट ‘इन्क्लूड टेबल_डेटा’ लिहिलं तर पीजी_डंप साफ नकार देतो. एकच टेबल दोन्हीकडे आलं तर वगळणाऱ्याचं चालतं, म्हणजे घरातल्यासारखंच.

खरी गंमत चुकलेल्या नावांची. घ्यायच्या टेबलाचं नाव चुकलं आणि बाकीची सापडली, तर पीजी_डंप मूग गिळून बसतो. त्याला बोलतं करायला ‘स्ट्रिक्ट-नेम्स’ लावावं लागतं. वगळायचं नाव चुकलं तर या पर्यायाचाही इलाज चालत नाही, कारण न सापडलेली वस्तू वगळण्यात पोस्टग्रेसला काहीच वावगं वाटत नाही. दहा जीबीचं नकोसं टेबल मग बॅकअपमध्ये ऐटीत येऊन बसतं आणि डिस्क भरली की सापडतं.

फाइलीच्या नावाजागी नुसता हायफन दिला, तर यादी स्टँडर्ड इनपुटवरून वाचली जाते. पीजी_रिस्टोअरलाही फिल्टर चालतो. सगळे डेटाबेस एकदम उचलणारा पीजी_डंपऑल मात्र फक्त ‘एक्स्क्लूड डेटाबेस’ ऐकतो.