भाऊसाहेब तानसेनला जातात

उज्जैनच्या माधवनगरात, म्हणजे बोलण्यातल्या फ्रीगंजात, मराठी मंडळींचा कुठलाही कट्टा घ्या, त्यात एक भाऊसाहेब असतातच. खरं नाव काहीही असो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी वीज मंडळातून. दसऱ्याचा सुमार आला की त्यांचा प्रत्येकाला एकच प्रश्न : "काय भिया, तानसेनला येऊन राहिला ना?" ग्वाल्हेरचा तानसेन समारोह डिसेंबरात असतो आणि रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे भाऊसाहेबांचा समारोह ऑक्टोबरातच सुरू होतो. पाच जणांची तिकिटं, त्यात तिघांना खालचा बर्थ, एकाचं पथ्य, एकाला घोरणाऱ्यापासून लांब ठेवायचं. हे सगळं जुळवताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसते, ती पुढे एकाही गवयाला तिथे आणता येत नाही. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नाही आणि कळावं अशी तळमळही नसते. समारोहात ते जागा धरतात, सतरंजी झटकतात, रतलामी शेव वाटतात आणि तबल्याची लय चढली की "वा!" म्हणतात. कट्ट्यावरचे जाणकार त्यांना हसतात. माझं म्हणणं असं की, चार-चार दिवस उघड्यावर चालणारा संगीत समारोह या भाऊसाहेबांच्या जिवावर उभा असतो, आणि जाणकार तिथे त्यांचे पाहुणे असतात.

पुरावा म्हणून आधी इतिहास बघा. खयाल दरबारात होता तोवर भाऊसाहेबांची गरज नव्हती. महाराजांना जागा धरावी लागत नसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे गाणं शिकले, ते हालअपेष्टा सोसून. भीमसेन जोशी पोरवयात घरातून पळाले आणि ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात पोचले, तेही कुणाची सोबत न बघता. विद्येसाठी माणूस एकटा जातो. दुसऱ्याचं गाणं ऐकायला, तेही डिसेंबरातल्या ग्वाल्हेरच्या थंडीत, एकटा निघणारा विरळाच. हजिऱ्याला मोहम्मद घौस यांचा मकबरा आहे, त्याच्याच आवारात तानसेनाची कबर. तिथल्या या सोहळ्याने 2024 मध्ये शंभरावं वर्ष साजरं केलं. पहिल्या सकाळी सनई, ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा आणि मग मिलाद. पुढे सकाळच्या आणि संध्याकाळच्या सभा, आरंभी एखाद्या संगीत महाविद्यालयाचं ध्रुपद. प्रवेश सगळ्यांना मोफत. आता, फुकटच्या कार्यक्रमात पैसे वाया जाण्याची भीती नसते, म्हणून उठून जाणं फार सोपं असतं. दोन सभांमधली मोकळी दुपार तर घातकच. जाणकार जेवून लॉजवर आडवे होतात, आणि कोमल-तीव्राची कितीही जाण असली तरी पांघरूण एकदा गळ्यापर्यंत आलं की संध्याकाळचा मारवा उद्याही ऐकता येईल असं वाटू लागतं. त्या वेळी दारावर थाप मारणारा माणूस भाऊसाहेब असतो. त्यांना मारव्याची ओढ नसते. त्यांनी जागा धरलेली असते, आणि धरलेली जागा रिकामी राहणं त्यांना बेसुरापेक्षा जास्त खुपतं.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा की, आलापी चालू असताना भाऊसाहेब बोलतात. बोलतात खरं, पण काय बोलतात तेही ऐकावं : "शाल घ्या", "गोळी घेतली का?", "पाणी देऊ?" उलट शेजारचा जाणकार कानात सांगत असतो की हा निषाद हद्दू-हस्सू खाँच्या घराण्यातला नव्हेच. हेही बोलणंच, आणि यानं कुणाचा खोकला थांबत नाही. दुसरा आक्षेप, विलंबित सुरू झालं की ते चहाला उठतात. यात मला त्यांचं लयज्ञान दिसतं. विलंबित एकतालाचं एक आवर्तन सहज मिनिटभर चालतं. टपरीवर जाऊन पाच कप घेऊन यायला अशी किती आवर्तनं लागतात हे भाऊसाहेबांना पक्कं माहीत असतं. सम कळत नाही म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी ते नेमके कधी परततात ते पाहावं. राहता राहिला मोबाइल उंच धरून केलेला तो थरथरता व्हिडिओ, ज्यात गवई अंगठ्याएवढा आणि पुढच्याची कानटोपी स्पष्ट दिसते. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा : ही सगळी धडपड कशाला? गाणं घरबसल्या मोबाइलवर ऐकता येतं. आणि बाहेर पडायचंच तर उज्जैनचा स्वतःचा कालिदास समारोह आहे, 1958 पासूनचा, देवप्रबोधिनी एकादशीला सुरू होऊन सात दिवस चालणारा, माधवनगरातून स्कूटरवर गाठण्याजोगा. भाऊसाहेब तिकडेही जातात, पण अर्ध्यातून उठतात, कारण घरून दुधाच्या पिशवीसाठी फोन येतो आणि तो खरा असतो. आपल्या गावात माणूस श्रोता होण्याआधी कुणाचा तरी नवरा, सासरा किंवा भाडेकरू असतो. श्रोता व्हायला काही दिवस परगावी राहावं लागतं, आणि परगावी राहायला सोबत. पुण्यात 1953 पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही असेच घोळके येतात. त्यातला जो खाण्याच्या स्टॉलपाशी जास्त रेंगाळतो त्याची थट्टा होते, पण घोळका वर्षानुवर्षं टिकतो तो त्याच्यामुळे. जाणकार तर एका गायकावर रुसून पुढचं वर्षही बुडवू शकतो. भाऊसाहेबांना रुसायला कारणच नसतं, कारण त्यांना सगळेच गायक सारखे चांगले वाटतात.

शेवटच्या टप्प्यात बेहटची सभा असते, तानसेनाच्या जन्मगावी. त्याच्या गाण्याने तिथलं शिवमंदिर कललं अशी आख्यायिका आहे. पहाटेच्या थंडीत तिथे जायला कुणीच राजी नसतं, तेव्हा गाडीवाल्याशी घासाघीस करून, चौघांना कानटोप्या घालून भाऊसाहेब नेतात. पोचल्यावर देवळाच्या भिंतीला टेकून स्वतः झोपतात. मग माधवनगरात परतल्यावर टॉवर चौकात पोहे-जिलबी खाता खाता ते बेहटच्या गायकावर सविस्तर बोलतात : आवाज कसा लागला, तानेत कुठे कमी पडला, आणि तोडी कशी रंगली. गायलेला असतो भटियार. जाणकार चौघंही मान डोलावतात. पुढच्या डिसेंबरची तिकिटं काढायची असतात.